दोन डी४३५ बाहेरच्या ट्रिगरवर लावले, पण टाइमस्टॅम्प सरकत चाललेत

बेल्टवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी, डाळिंब ग्रेडिंगचा बेल्ट करतोय. दोन बाजूंना दोन रिअलसेन्स डी४३५ (अंतर म्हणजे डेप्थ मोजणारे कॅमेरे) आहेत, बेल्ट सेकंदाला अर्धा मीटर पळतो म्हणजे दोन कॅमेऱ्यांत १५ मिलिसेकंदांचा फरक पडला तरी फळ साडेसात मिलिमीटर पुढे गेलेलं असतं आणि दोन्ही बाजू जोडल्या की डाळिंबाचा आकारच बिघडतो. म्हणून दोन्ही कॅमेरे इंटर कॅम सिंक मोड २ म्हणजे स्लेव्हला (बाहेरच्या सिग्नलवर चालणारा मोड) टाकले आणि ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवरून ३० हर्ट्झ पल्स दिला, पिन ५ ला सिग्नल, पिन ९ ला ग्राउंड. ग्लोबल टाइम (कॅमेऱ्याची वेळ संगणकाच्या घड्याळाशी जुळवणारी सेटिंग) बंद ठेवलाय. आता वायर काढली तर दोन्ही कॅमेऱ्यांच्या टाइमस्टॅम्पमधला (फ्रेमवरच्या वेळेच्या शिक्क्यांमधला) फरक जागचा हलत नाही, आणि वायर जोडली की दहा मिनिटांत ९-१० मिलिसेकंद सरकतो!! चार दिवस झाले, तीन केबल बदलल्या. काय चुकतंय?

फर्मवेअर_पुणेकर

काही चुकत नाहीये, तुमचा सिंक चालू आहे. मीही यात आठवडा घालवलाय म्हणून नीट सांगतो.

प्रत्येक कॅमेऱ्यात त्याचं स्वतःचं घड्याळ असतं. वायर नसताना कॅमेरा त्याच घड्याळावर फ्रेम काढतो आणि त्याच घड्याळाने शिक्का मारतो, त्यामुळे त्याच्या हिशोबाने दर फ्रेम बरोबर ३३.३३ मिलिसेकंदांनी येते, दुसऱ्याचंही तसंच, मग वजाबाकी स्थिर दिसणारच. प्रत्यक्षात मात्र फ्रेम एकमेकींपासून लांब जात असतात. वायर जोडली की फ्रेम कधी घ्यायची ते ईएसपी ठरवतो, पण शिक्का अजूनही ज्याच्या त्याच्या घड्याळाचा. दोन घड्याळांच्या क्रिस्टलमध्ये दहा लाखात १६ भागांचा फरक असला तरी दहा मिनिटांत साडेनऊ मिलिसेकंद होतात, अगदी तुमचाच आकडा. सरळ रेषेत सरकत असेल तर खूश व्हा, मध्येच उडी मारली तर ट्रिगर हुकलाय. आणि हे लक्षात ठेवा की मोड २ मध्ये ट्रिगर आला नाही तरी कॅमेरा थांबत नाही, आपल्या मनाने फ्रेम देत राहतो, एररही येत नाही.

जोड्या लावताना टाइमस्टॅम्प सोडा, फ्रेम नंबर आणि ईएसपीवर मोजलेले पल्स धरा.

वायरिंगवाली_ताई

दादा, ईएसपीची पिन थेट जोडली नाहीये ना? तो ३.३ व्होल्ट देतो आणि कॅमेऱ्याची सिंक पिन १.८ व्होल्टची आहे. थेट असेल तर आत्ताच काढा. १ किलोओहम वर आणि १.२ किलोओहम खाली असा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी जोडणी) केला की बरोबर १.८ मिळतात. पल्स १०० मायक्रोसेकंदांचा ठेवा.

दुसरं, पल्स डिलेवर काढू नका. ३३ मिलिसेकंदांचा डिले म्हणजे ३०.३ हर्ट्झ, कॅमेरा ३० वर, थोडा वेळ जुळल्यासारखं वाटतं आणि मग निसटतं. हार्डवेअर टायमरच वापरा. बेल्टच्या मोटरला ड्राइव्ह (वेग बदलणारं युनिट) असेल तर सिंकची वायर तिच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून अजिबात नेऊ नका, शील्डवाली पिळाची जोडी घ्या, नाहीतर खोटे ट्रिगर येतात आणि ते शोधता शोधता जीव जातो.

बेल्टवाला_सोलापूर

ताई खूप आभार, थेटच जोडली होती!! आता डिव्हायडर लावला, कॅमेरे शाबूत आहेत. टायमर आधीपासून हार्डवेअरचाच आहे. पण एक राहिलं, डेप्थ जुळली तरी फळावरचा रंग बाजूला सरकलेला दिसतो, लाल डाग कडेच्या बाहेर जातो.

फर्मवेअर_पुणेकर

ट्रिगर फक्त डेप्थच्या दोन सेन्सरना लागतो, डी४३५ चा रंगाचा कॅमेरा त्यावर चालत नाही, आणि तो रोलिंग शटरही आहे, म्हणजे चित्र एकदम न घेता ओळीओळीने घेतो. पळत्या फळावर हे होणारच. रंग फार महत्त्वाचा असेल तर ट्रिगर इनपुट असलेला वेगळा ग्लोबल शटर (पूर्ण चित्र एकदम घेणारा) कॅमेरा लावून त्याच पल्सवर जोडा.

आणि एकदा डोळ्यांनी बघून घ्या. दोन्ही कॅमेरे काढून शेजारी ठेवा, समोर दहा एलईडींची ओळ, एकेक एलईडी १ मिलिसेकंद पेटत पुढे जाणारी. कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड प्रोजेक्टर बंद, दोन्हीकडे एक्स्पोजर हाताने सारखंच आणि १ मिलिसेकंदाच्या आत. डाव्या सेन्सरची चित्रं लावून बघा.

बेल्टवाला_सोलापूर

केलं. अर्धा तास चालवलं, प्रत्येक जोडीत तोच एलईडी पेटलेला, क्वचित शेजारचा अर्धवट. वायर उपटली तर हळूहळू वेगळे एलईडी दिसायला लागले आणि टाइमस्टॅम्पचा फरक तेव्हाच स्थिर! आता रंगासाठी वेगळ्या कॅमेऱ्याचं बघतो.