गच्चीवर स्मोकर: विजेचा घ्यावा की ड्रमचा?

लातूरकर_खवय्या
राम राम मंडळी. घर लातूरला, गच्ची मोकळी, खाणारी 6 माणसं, बजेट 15 हजार. विजेवरचा कपाटासारखा स्मोकर (मंद आचेवर, धुरात मांस शिजवायची भट्टी) बघून ठेवलाय, पण आमच्याकडं लाइट कधी जाईल नेम नाही. फरा (बोकडाचा पुढचा खांदा) 6 तास लावायचा अन् मधीच लाइट गेली तर? दुसरा विचार केटलचा, म्हणजे झाकणाच्या गोल कोळशाच्या शेगडीचा. मटण उस्मानाबादी बोकडाचं. कुणी वापरलंय का?

निलंग्याचा_पाहुणा
एवढा खर्च कशाला? वाटीत निखारा, वर तूप, पातेल्यावर झाकण. झाला धुंगार.

गोदाकाठ_नांदेड
पाहुणे, धुंगारानं वास लागतो, मांस शिजत नाही.

खवय्या, विजेचा नकोच. मी 3 वर्षं 200 लिटरचा लोखंडी ड्रम वापरतोय, भंगारातून आणलेला. पहिला वाया गेला. आतून लाल लेप होता, तसाच ठेवून कोंबडी लावली. गल्लीतल्या कुत्र्यानंसुद्धा तोंड फिरवलं. लेप असला तर आधी आत लाकडं पेटवून पत्रा उघडा पाडायचा, मग तेल लावून तापवायचा. फवारणीच्या औषधाचा ड्रम असेल तर फुकट मिळाला तरी नको.

तळाला हवेची 3 भोकं, निखाऱ्याची टोपली, तिच्यावर दोनेक फुटांवर स्टीलची जाळी. 110 ते 120 अंश धरायचं. झाकणावरचा काटा खोटं बोलतो, थर्मामीटर जाळीपाशी लावा. मे महिन्यात पत्रा उन्हानंच तापलेला असतो, तेव्हा मी एकच भोक उघडं ठेवतो.

उस्मानाबादी बोकड अंगानं सडसडीत, मांडी वाळून चिवट होते. फराच घ्या. मांसाच्या आतलं तापमान 70 च्या आसपास आलं की तास-दीड तास हलत नाही. मांसातली ओल उडत असते, घाम आल्यावर आपलं अंग गार पडतं तसंच ते. मी पहिल्यांदा घाबरून निखारे वाढवले, वरून कोळसा अन् आत चिवट. त्यापेक्षा केळीच्या पानात बांधून वर फॉइल गुंडाळा. 90 ला हाड हातानं सुटतं. कोंबडी मात्र 74 झाली की काढा.

कोळसा बाभळीचा, त्यावर आंब्याचे वाळलेले दोन ढलपे. ओल्या लाकडाचा पांढरा दाट धूर मटण कडू करतो. धूर पातळ, निळसर झाला की मगच मटण आत.

लातूरकर_खवय्या
ड्रम घरातच आहे. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाचा. आई म्हणती, पाण्याच्या ड्रमात कोळसे घालशील तर बघ.

गोदाकाठ_नांदेड
पत्र्यावर चकचकीत चट्टे दिसतात का? दिसले तर जस्ताचा मुलामा आहे, तापला की विषारी धूर सोडतो. आईचं ऐका. मग केटल घ्या, पण 22 इंचीच. लहानीत निखारे एका अंगाला सारले की फऱ्याला जागाच उरत नाही.