एचपीव्ही पॉझिटिव्ह आलंय पण पॅप नॉर्मल, ह्याचा अर्थ काय घ्यायचा?

कळंबा_रोड:
नमस्कार. वय ३४, दोन मुलं. पांढरं जातंय म्हणून राजारामपुरीत एका डॉक्टर मॅडमकडं गेलेलो, त्यांनी पॅप (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) आणि सोबत एचपीव्हीची, म्हणजे तिथला कॅन्सर ज्या व्हायरसनं होऊ शकतो त्याची, टेस्ट करायला लावली. रिपोर्टात पॅप नॉर्मल, व्हायरसचे १६ आणि १८ नंबरचे प्रकार निगेटिव्ह, पण 'इतर हाय रिस्क' (कॅन्सरचा धोका असलेले बाकीचे प्रकार) पॉझिटिव्ह. मॅडम म्हणाल्या काळजी करू नका वर्षानं परत या, बाहेर ही गर्दी, मी पण गप उठून आलो. घरी येऊन नेटवर बघितलं तर हा संबंधातनं पसरतो म्हणे, तेव्हापासनं डोकं जाग्यावर नाही. माझं लग्नाआधी कुणाशी काही नव्हतं. मग नवऱ्याचं बाहेर काही चाललंय का? आणि वर्षभर थांबायचं म्हणजे तोवर कॅन्सर झाला तर काय करायचं? सासूबाईंच्या कानावर जायच्या आधी मला नीट समजून घ्यायचंय.

मिरजकर_तिकटी:
वहिनी सरळ नवऱ्याची पण टेस्ट करून घ्या, काय ते कळंल.

सिस्टर_करवीर:
दादा, पुरुषांसाठी अशी रुटीन टेस्टच नाही, उगं कुणाच्या घरात भांडण लावू नका.
ताई, मी आरोग्य केंद्रात काम करते, तुमच्यासारख्या बायका रडत येतात म्हणून सविस्तर लिहिते. हा व्हायरस इतका कॉमन आहे की संबंध आलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो आणि कळतही नाही, ना ताप ना दुखणं. कधीकधी वर्षानुवर्षं गप बसून राहतो आणि मग एखाद्या टेस्टमध्ये दिसतो, त्यामुळं तो कधी आला, कुणाकडनं आला हे कुठला डॉक्टर सांगू शकत नाही. लग्नाआधीचा असेल, तुमच्या नवऱ्याला स्वतःलाही माहिती नसेल. ह्या कागदावरनं त्याला आरोपी करू नका.
दुसरं, पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. दहातल्या नऊ जणींच्या अंगातनं तो दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. जो चिकटून राहतो तोच त्रासाचा, आणि त्याला सुद्धा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर व्हायला साधारण १५-२० वर्षं लागतात. एचआयव्ही असेल, प्रतिकारशक्ती फारच कमी असेल तर लवकर. म्हणून मॅडमनी वर्षानं बोलावलंय, ते टाळाटाळ म्हणून नाही. १६ किंवा १८ आलं असतं तर पॅप नॉर्मल असूनही लगेच गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतनं तपासलं असतं, कारण असल्या कॅन्सरपैकी ७० टक्के ह्या दोघांमुळंच होतात. वर्षानं मात्र जायचंच हां, "काय होतंय" म्हणून सोडू नका. आणि मध्ये संबंधानंतर रक्त गेलं, पाळी नसताना रक्त गेलं तर वर्षाची वाट बघायची नाही.

आयुर्वेद_भक्त:
आमच्याकडं काढा मिळतो, तीन महिन्यात व्हायरस मुळासकट. इनबॉक्स करा.

सिस्टर_करवीर:
बहुतेकींचा जातोच आपोआप, मग काढ्यानं गेला म्हणून सांगायला तुम्ही मोकळे. ह्या व्हायरसवर औषध नाही. त्यानं पेशी बिघडल्या तर तेवढ्याच भागावर उपचार करतात आणि ते वेळेत झाले तर बहुतेक वेळा कॅन्सरपर्यंत जात नाही.

धाराशिव_टू_कोल्हापूर:
आमच्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, ह्यावर लई मोठा अभ्यास झालेला, लाखभराच्या वर बायका, गावोगावी जाऊन. निकाल २००९ ला आला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेली त्यांच्यात ह्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच हो! आणि आपल्याकडच्या बायका जत्रंला, लग्नाला वेळ काढतात आणि तपासणी म्हटलं की लाजतात.

सिस्टर_करवीर:
लाजतात कारण पडदा नसतो, बाहेर बाप्ये बसलेले असतात, ते पण बघायला पाहिजे. सरकारी केंद्रात तिशीनंतरच्या बायकांची साधी तपासणी होते. पाच टक्क्याचं ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच समजा, गर्भाशयाच्या तोंडाला कापसानं लावायचं, मिनिटभर थांबायचं, बिघडलेला भाग पांढरा पडतो. थोडं झोंबतं, बाकी काही नाही.

कळंबा_रोड:
लई बरं वाटलं वाचून. मोठी मुलगी ११ ची आहे, तिला लस द्यायची का? आणि मी घेतली तर हा जाईल का? कंडोम वापरायचा का आता?

सिस्टर_करवीर:
तिला नक्की द्या, हेच वय. संबंध सुरू व्हायच्या आधी दिलेली सगळ्यात भारी काम करते. १५ च्या आत दोन डोस सहा महिन्यांच्या अंतरानं, नंतर घ्यायची तर तीन. पुण्याच्या सिरमची सर्व्हाव्हॅक आहे, परदेशी लसींपेक्षा स्वस्त. घरात कोण म्हणेल की "आत्ताच कशाला असली लस", त्यांना कॅन्सरची लस एवढंच सांगा, खोटं काही नाही त्यात. मुलग्यांना पण देतात, त्यांना गुप्तांगावर चामखीळ, घशाचा कॅन्सर ह्यातनंच होऊ शकतो. अंगात आलेला व्हायरस लसीनं जात नाही, तुमच्यासाठी मॅडमना विचारा. कंडोमनं धोका कमी होतो, पूर्ण नाही, कारण कातडीला कातडी लागून पसरतो. आणि लस घेतलेल्या पोरीनं पण तिशीनंतर तपासणी करायचीच.

कळंबा_रोड:
धन्यवाद सिस्टर. नवऱ्याला रिपोर्ट दाखवतो आज, पण आधी तुमची ही पोस्ट वाचायला देतो.

मिरजकर_तिकटी:
माझी कॉमेंट डिलीट केली तरी चालंल वहिनी 🙏