चार वर्षांचा फोन: बॅटरी बदलून चालवावा की नवा घ्यावा?

रानवाटा (प्रश्न)

माझ्याकडे सॅमसंगचा गॅलेक्सी ए५२एस आहे, २०२१ च्या अखेरीस घेतलेला. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळा ओसरू लागला की विद्यार्थ्यांना घेऊन कास, मसाई पठार, आंबोली अशा ठिकाणी जाणे होते आणि तिथली सगळी छायाचित्रे याच फोनवर काढली जातात. व्याख्यानांचे ध्वनिमुद्रणही त्यावरच होते, कारण त्याला ३.५ मिमीचा जॅक आहे आणि माझा कॉलरला लावायचा वायरचा माइक त्यात थेट बसतो. छायाचित्रे मेमरी कार्डावर साठतात. बँकेचे व्यवहार आणि यूपीआय अर्थातच याच फोनवर आहेत.

फोन संथ झाला आहे असे मला वाटत नाही. अडचणी दोनच आहेत. पठारावर सकाळी सातला निघाले तर दुपारी जेवणाच्या वेळी बॅटरी शेवटच्या घटका मोजत असते. आणि या मॉडेलला कंपनीकडून मिळणारी सुरक्षा अपडेट आता थांबली आहेत. घरच्यांचे म्हणणे, चार वर्षे पुष्कळ झाली, आता नवा घेऊन टाक. चाळीस-पंचेचाळीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे आणि सॅमसंगचाच ए३६ किंवा ए५६ डोळ्यांसमोर आहे. मुख्य अपेक्षा एकच: अगदी लहान फुलांची छायाचित्रे आजच्यापेक्षा चांगली यावीत. सीतेची आसवे किंवा गेंद ही पठारावरची इवली फुले ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. अशा स्थितीत नवा फोन घेणे योग्य ठरेल का?

जोडकाम

बॅटरीपुरते सांगतो, कारण माझे रोजचे काम तेच आहे. लिथियम-आयन बॅटरी दोन प्रकारे झिजते: चार्जिंगच्या फेऱ्यांनी आणि नुसत्या वयानेही. फोन कोणत्याही कंपनीचा असो, चार वर्षांनी तिची क्षमता लक्षणीय घटलेली असणे हे स्वाभाविक आहे. त्यात उन्हात पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून सतत कॅमेरा चालू ठेवणे आणि डोंगरावर कमकुवत नेटवर्क शोधत राहणे ही दोन्ही कामे बॅटरी खाणारी आहेत. नवी मूळ बॅटरी बसवली की फोन पुन्हा पहिल्या वर्षासारखा दिवस काढेल आणि खर्च नव्या फोनच्या किमतीचा लहानसा भागच असेल.

मात्र एक गोष्ट दुकानात सहसा कोणी आपणहून सांगत नाही. तुमचा फोन आयपी६७ दर्जाचा आहे, म्हणजे नवा असताना एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल असा. ही क्षमता मागच्या झाकणाभोवतीच्या चिकटपट्टीवर अवलंबून असते. बॅटरी बदलण्यासाठी झाकण तापवून उचलावे लागते, तेव्हा ती पट्टी निकामी होते. अधिकृत केंद्रात नवी पट्टी लावतात. कोपऱ्यावरच्या दुकानात बऱ्याचदा जुन्याच गोंदावर झाकण दाबून देतात. तुमचे काम पावसाळी पठारावरचे असल्याने बॅटरी अधिकृत केंद्रातच बदलून घ्या, नवी पट्टी लावली का हे विचारा, आणि त्यानंतरही फोन जलरोधक आहे असे धरून चालू नका.

पहारेकरी

वरील सल्ला बरोबर आहे, पण तो प्रश्नाच्या अर्ध्या भागाचेच उत्तर देतो. बॅटरी बदलली तरी सुरक्षा अपडेट परत येत नाहीत.

अपडेट थांबली म्हणून उद्यापासून ॲप बंद पडतील अशी भीती मात्र बाळगू नये. ए५२एस अँड्रॉइड ११ सह आला आणि अँड्रॉइड १४ पर्यंत पोहोचला; व्हॉट्सॲप किंवा बँकांची ॲप याहून कितीतरी जुन्या आवृत्त्यांवर चालतात. शिवाय अँड्रॉइड १० पासून गूगलने प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरमार्फत परस्पर सुधारण्याची सोय केली आहे, ती पुढेही चालू राहते. जे दुरुस्त होत नाही ते खालच्या थरातले असते: कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तसेच प्रोसेसरचे आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या मोडेमचे सॉफ्टवेअर. त्यातील दोष गूगलच्या मासिक सुरक्षा पत्रकात जाहीर होतात, म्हणजे ते सगळ्यांना कळतात, आणि तुमच्या फोनमध्ये मात्र ते तसेच राहतात. पहिल्या महिन्यात हा धोका नगण्य असतो, पण दोन वर्षांनी तसे म्हणता येणार नाही.

म्हणून माझे मत असे की फोन छायाचित्रांसाठी खुशाल चालवावा, पण बँकेचे व्यवहार त्यावर फार काळ ठेवू नयेत. नवा घ्यायचाच असेल तर प्रोसेसरच्या आधी अपडेटची मुदत पाहावी. ए३६ आणि ए५६ हे दोन्ही मार्च २०२५ मध्ये आले आणि दोघांनाही सहा वर्षांचे आश्वासन आहे. तुमच्या फोनला ते चारच वर्षांचे होते.

छायाप्रकाश

मूळ अपेक्षा लहान फुलांची आहे आणि त्याबद्दल अजून कोणीच बोललेले नाही.

ए५२एस मध्ये मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळून चित्र काढण्यासाठी, ५ मेगापिक्सेलचा वेगळा कॅमेरा आहे, आणि ए३६, ए५६ या दोन्हींतही मॅक्रो कॅमेरा ५ मेगापिक्सेलचाच आहे. म्हणजे चाळीस हजार खर्च करून ज्या एका गोष्टीत सुधारणा हवी, तिथेच तुम्ही जवळपास आहात तिथे राहाल. मुख्य कॅमेऱ्यालाही दोन्ही पिढ्यांत ऑप्टिकल स्थिरीकरण, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय आहे. ६४ ऐवजी ५० मेगापिक्सेल हा आकडा कमी झाला म्हणून बिघडत नाही, कारण दोन्ही फोन एरवी चार-चार पिक्सेल एकत्र करूनच चित्र देतात. ए५६ चा एक्झिनॉस १५८० हा प्रोसेसर तुमच्या स्नॅपड्रॅगन ७७८जी पेक्षा नक्कीच वेगवान आहे, परंतु ए३६ मधला स्नॅपड्रॅगन ६ जेन ३ तसा नाही. तो नवा आहे, पण वेगात तुमच्या चार वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरच्या फारसा पुढे नाही, त्यामुळे ए३६ तुमच्यासाठी मी यादीतूनच काढून टाकेन.

गमवाल त्याचाही हिशेब करा. ए३६ आणि ए५६ दोन्हींत मेमरी कार्डाची जागा नाही आणि जॅकही नाही. माइकसाठी यूएसबी-सी अडॅप्टर मिळतो, पण तो डॅक, म्हणजे डिजिटल संकेताचे आवाजात रूपांतर करणारी चिप, असलेलाच घ्यावा लागतो. रस्त्यावर मिळणारे साधे अडॅप्टर या फोनवर मुकेच राहतात.

फुलांसाठी एक उपाय आधी करून पाहा. मॅक्रो कॅमेरा बाजूला ठेवा आणि मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याने बसणारी मॅक्रो लेन्स लावा. गेंदाच्या गोल शेंड्यावरची एकेक कळी सुटी दिसू लागते. फोकसची जागा इतकी अरुंद असते की वाऱ्यात दहांतली आठ चित्रे वाया जातात, पण उरलेली दोन ५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला कधीच जमणार नाहीत. नवाच फोन हवा असेल तर गूगल पिक्सेल ९ए पाहा. भारतात तो ४९,९९९ रुपयांना आला, म्हणजे तुमच्या मर्यादेच्या थोडा बाहेर आहे. मात्र त्यात वेगळ्या दुय्यम मॅक्रो कॅमेऱ्याऐवजी मॅक्रो फोकसची सोय आहे, तो आयपी६८ दर्जाचा आहे आणि अपडेट सात वर्षे, म्हणजे २०३२ पर्यंत मिळतील. कार्ड आणि जॅक तिथेही नाहीत.

रानवाटा

मॅक्रो कॅमेरा तसाच आहे हे मला कोणत्याही जाहिरातीवरून कळले नसते. मग सध्या बॅटरी आणि लेन्स, असे मनात ठरते आहे. एक शंका उरते: जीएसटी कमी झाल्याने फोन स्वस्त झाले आहेत असे ऐकते, आणि थांबल्यास आणखी उतरतील का? ओळखीचे एक जण वापरलेला गॅलेक्सी एस२४ देत आहेत, तो विचारात घ्यावा का?

पहारेकरी

जीएसटीबाबतची माहिती चुकीची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि मोठ्या टीव्हीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मोबाइलवर तो एप्रिल २०२० पासून १८ टक्केच आहे आणि त्यात बदल झालेला नाही. सणासुदीला दिसतात त्या सवलती बँकांच्या कार्डांच्या आणि जुना माल संपवण्याच्या असतात. उलट २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत एआयच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळे मेमरी चिपच्या किमती चढू लागल्या, तेव्हा थांबल्याने फोन स्वस्तच मिळेल हे गृहीत धरू नका. पण केवळ त्या धास्तीने घाईही करू नका.

एस२४ ला जानेवारी २०२४ पासून सात वर्षांचे आश्वासन आहे, त्यामुळे वापरलेला असला तरी तुमच्या कामाला तो पुरून उरेल. पैसे देण्यापूर्वी *#०६# दाबून आयएमइआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक पाहा, तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते तपासा आणि KYM ही तीन अक्षरे, एक जागा मोकळी व पुढे तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असल्यास उत्तरात कळते. मूळ पावतीही मागून घ्या.

जोडकाम

बॅटरी बदलायला देण्यापूर्वी मेमरी कार्ड आणि सिम दोन्ही काढून घ्या आणि छायाचित्रांची एक प्रत संगणकावर ठेवा. बॅटरी बदलताना माहिती पुसली जात नाही, पण झाकण उचलताना पडदा तडकल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. नवी बॅटरी आल्यावर सेटिंगमधला बॅटरीच्या संरक्षणाचा पर्याय एरवी चालू ठेवा, म्हणजे चार्जिंग पूर्ण भरण्याआधीच थांबेल. पठारावर जायच्या आदल्या रात्री तेवढा तो बंद करा.