मदत हवी आहे: तरणतलावाच्या पाण्याचे आणि बाहेरच्या हवेचे तापमान भलतेच दिसते

मळेकर_नाशिक: नाशिकजवळच्या आमच्या फार्महाउसवरील तरणतलावाचे पाणी आणि बाहेरची हवा यांचे तापमान मी होम असिस्टंटवर (घरातली उपकरणे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पाहतो. पाण्याचा आकडा मध्येच 85 होतो, हवेचा दुपारी 47 पर्यंत चढतो, आणि छतावरच्या सोलर नळ्यांतून पाणी फिरवणारा पंप भलत्याच वेळी चालू-बंद होतो. सेन्सर बदलले, रीस्टार्टही केले. शनिवारी पाहुणे येणार आहेत; कृपया नेमका उपाय सांगावा.

सर्किटवाला: सेन्सर कोणता, वायर किती लांब, रेझिस्टर किती ओहमचा आणि सेन्सर नेमके कुठे लावले आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

निळे_पाणी: उन्हात क्लोरीन फार लवकर उडून जाते, म्हणून ते संध्याकाळी टाकावे आणि पीएच 7.2 ते 7.6 च्या दरम्यान ठेवावा.

मळेकर_नाशिक: क्लोरीनविषयी मी विचारलेले नाही. सेन्सर डीएस18बी20, तीन वायरींची जोडणी, 4.7 किलोओहम, वायर साधारण 25 मीटर. पाण्याचा सेन्सर पंपघरातल्या पाइपला बांधला आहे, हवेचा बाहेर पश्चिमेच्या भिंतीवर. आणखी कुठे लावणार?

सर्किटवाला: वीजपुरवठा मिळाल्यापासून पहिले मोजमाप पूर्ण होईपर्यंत या सेन्सरमध्ये 85 हाच आकडा असतो. म्हणजे आपल्या सेन्सरचा पुरवठा मध्येच तुटतो आहे. पंप सुरू होतानाच असे होते का?

बिनतारी: एवढ्या वायरी ओढण्यापेक्षा पाण्यावर तरंगणारा वायरलेस थर्मामीटर घ्या आणि मोकळे व्हा.

मळेकर_नाशिक: हो, पंप सुरू होतानाच, ते वेगळे सांगायला हवे असे वाटले नाही. 85 हा आकडा फिल्टर लावून गाळून टाकला तर चालेल ना?

सर्किटवाला: आकडा दिसेनासा होईल, दोष तसाच राहील. सेन्सर ज्याला जोडला आहे त्या कंट्रोलरला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्या आणि सेन्सरची वायर पंपाच्या केबलपासून दूर न्या.

वेधशाळा_जुनी: वायर की बिनतारी हा वाद नंतर घाला, कारण दोन्ही सेन्सरच्या जागाच चुकल्या आहेत. पंप बंद असताना पाइपमधले पाणी जागच्या जागी थांबते आणि हळूहळू पंपघराइतके तापते, त्यामुळे तेव्हा दिसणारा आकडा तलावाचा नसून त्या कोंदट खोलीचा असतो. पश्चिमेची भिंत तर दुपारनंतर तव्यासारखी तापते. हवामान खात्याचे थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असतात आणि पेटीचे दार उत्तरेकडे उघडते; आपणही उत्तरेची सावली आणि खेळती हवा शोधावी.

बिनतारी: म्हणूनच तरंगणारा घ्या म्हटले होते!

वेधशाळा_जुनी: तरंगणारा वरच्या थराचेच तापमान सांगेल, आणि दुपारच्या उन्हात तो थर सर्वांत गरम असतो. मळेकर, पाण्याचा सेन्सर पाइपवरच ठेवायचा असेल तर सोलर नळ्यांकडे जाण्याआधीच्या भागावर घट्ट बांधून वरून इन्सुलेशन गुंडाळा, आणि पंप पाच मिनिटे चालल्यानंतरचाच आकडा ग्राह्य धरा. पंप थांबला की शेवटचा आकडा तसाच राहू द्यावा.