चर्चा: व्हॅनडाइक कार्टर यांना आपण केवळ 'ग्रेचे चित्रकार' म्हणूनच का ओळखतो?

धागालेखक

शरीररचनाशास्त्राचा 'ग्रेज् ॲनाटॉमी' हा ग्रंथ १८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातल्या ३६३ आकृत्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी काढलेल्या होत्या. ग्रंथाचे लेखक हेन्री ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळायचे ठरले, तर कार्टर यांना एकदाच १५० पौंड देण्यात आले. मुखपृष्ठाच्या छपाईपूर्व मुद्रितावर कार्टर यांच्या नावाखाली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले त्यांचे प्राध्यापकपद छापलेले होते. ग्रे यांनी ते खोडले आणि नावही लहान अक्षरांत घ्यायला सांगितले. हा अन्याय आता बऱ्याच जणांना ठाऊक झाला आहे. मला खंत वेगळीच आहे. ग्रंथ बाजारात आला तेव्हा हा २७ वर्षांचा शल्यचिकित्सक भारतीय वैद्यकीय सेवेत रुजू होऊन मुंबईत पोहोचला होता आणि पुढची तीस वर्षे, १८८८ पर्यंत, त्याची खरी कारकीर्द इथेच घडली. जंतुसंसर्गाने पाऊल सुजून त्याला भोके पडतात अशा 'मदुरा फूट' या विकाराचे मूळ बुरशीत आहे, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि त्याला 'मायसेटोमा' हे आजही रूढ असलेले नाव दिले. १८६३ पासून सुमारे नऊ वर्षे ते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. मुतखड्याच्या सूक्ष्म रचनेवर आणि कुष्ठरोगावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात त्यांना आपल्यातला संशोधक म्हणून जागा मिळायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रतिसाद (विरोधी)

कार्टर यांच्या परिश्रमांबद्दल वाद नाही, परंतु 'आपल्यातला' या शब्दाला माझी हरकत आहे. ते लष्करी हुद्दा असलेले सरकारी अधिकारी होते आणि त्यांच्यासमोर येणारा रुग्ण नकार देण्याच्या स्थितीत क्वचितच असे. लंडनमधल्या आकृत्यांसाठी ज्यांची विच्छेदने झाली तेही बहुतेक बेवारस ठरलेले गरीबच होते, कारण १८३२ च्या कायद्याने अशीच शरीरे विच्छेदनगृहाकडे जात; त्यांची नावे मुखपृष्ठावर लहान अक्षरांतही आली नाहीत, ही बाब मला मानधनाच्या अन्यायापेक्षा अधिक टोचते. कुष्ठरोगाबाबत तर कार्टर १८७३ मध्ये नॉर्वेला जाऊन तिथले कुष्ठरोगाचे संशोधक हॅन्सन यांचे काम पाहून आले आणि त्यानंतर त्यांनी रुग्णांना समाजापासून वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला. पुढे १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा आला, त्याचा बडगा मुख्यतः रस्त्यावरच्या निराधार रुग्णांवर पडला. कार्टर यांच्याच काळात ग्रँट कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉ. भाऊ दाजी लाड कडू कवठाच्या तेलाने याच रोगावर उपचार करून पाहत होते. आपल्यातला संशोधक शोधायचा असेल, तर मी आधी त्यांच्याकडे पाहीन.

धागालेखक

भाऊ दाजींबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे, पण एकाचा मान वाढवायला दुसऱ्याचा कमी करावा लागतो असे मला वाटत नाही. विलगीकरणाचा आग्रह आज कठोर वाटतो. मात्र ज्या वर्षी कार्टर नॉर्वेत गेले, त्याच वर्षी हॅन्सन यांना कुष्ठरोगाचे जंतू दिसले होते. रोग आनुवंशिक आहे असे बहुसंख्य डॉक्टर मानत असताना तो संसर्गजन्य आहे हे स्वीकारणे म्हणजे 'हे कुळाचे पाप आहे' या समजुतीलाही धक्का देणे होते. आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाचे काय? दख्खनमधून उपाशी माणसे मुंबईत आली, त्यांच्यात उलटून उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली आणि कार्टर यांनी त्यांच्या रक्तात सर्पिल जंतू पाहिले, माकडांना ते रक्त टोचून तोच ताप उत्पन्न होतो हे सिद्ध केले. १८८२ च्या आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांनी या रोगाला 'दुष्काळी ताप' हे पर्यायी नाव दिले. सरकारी नोकराने दुष्काळ हा शब्द शीर्षकात ठेवणे मला क्षुल्लक वाटत नाही.

पहिला प्रतिसाद देणारे, पुन्हा

दुष्काळाचा उच्चार करणे आणि त्याचा दोष कोणाचा हे सांगणे, यांत मोठे अंतर आहे. मदतकामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असा दंडक घालणारे रिचर्ड टेंपल १८७७ मध्येच मुंबईचे गव्हर्नर झाले. पुण्याची सार्वजनिक सभा त्या अपुऱ्या मजुरीविरुद्ध सरकारला लिहीत होती. तापाचा जंतू रक्तात होता, पण शरीर त्याच्या स्वाधीन का झाले याचे उत्तर सरकारी दप्तरात होते, आणि तिथे सूक्ष्मदर्शक लावण्याचे काम आपल्याच माणसांनी केले.

दुसरा प्रतिसाद (शरीररचनाशास्त्राची निवृत्त शिक्षिका)

दोघांचेही वाचले आणि मला आणखी एक दुवा जोडावासा वाटतो. कार्टर यांना जंतू दिसला, तरी तो एका माणसातून दुसऱ्याकडे कसा जातो हे त्यांना उमगले नव्हते. १९०७ मध्ये भारतीय वैद्यकीय सेवेतल्याच डॉ. मॅकी यांनी नाशिकला अंगावरच्या उवांकडे बोट दाखवले. म्हणजे दाटीवाटी, एकच कपडा आणि अंघोळीला पाणी नसणे, हीच त्या तापाची वाट होती. माझ्या वर्गात मी कार्टर यांच्या आकृत्या वर्षानुवर्षे फळ्यावर काढल्या, कारण अवयवाचे नाव त्या अवयवावरच लिहिण्याची त्यांची पद्धत विद्यार्थ्याला तळटिपांकडे धावू देत नाही. तीच नजर मला त्यांच्या मायसेटोमाच्या वर्णनात दिसते. तरीही आपण इथे मानाच्या जागेवरून वाद घालत असताना एक गोष्ट नजरेआड होते: काटा रुतून सुरू होणारा तो पायाचा रोग अनवाणी शेतात राबणाऱ्यांनाच प्रामुख्याने होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ साली.