परदेशी युद्धांवरच्या टीव्ही चर्चा: समतोल खुर्च्यांचा की माहितीचा?

उत्तरध्रुव (चर्चाप्रस्ताव)
परदेशात युद्ध पेटलं की त्याच रात्री पॅनेल बसतं: दोन निवृत्त सेनाधिकारी, एक माजी राजदूत, एखादा प्राध्यापक. बहुतेक वेळा सगळे एकाच सुरात. माझं म्हणणं, लढणाऱ्या दोन्ही देशांची बाजू मांडणारा एकेक जाणकार मिळत नसेल तर चर्चा घेऊच नये. इराक आठवा. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराककडच्या संहारक अस्त्रांचे 'पुरावे' मांडले. ७ मार्चला त्याच परिषदेत आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख अल बरादेई यांनी सांगितलं, की इराकच्या नायजरमधल्या युरेनियम खरेदीची कागदपत्रं अस्सल नाहीत. तेरा दिवसांत बॉम्ब पडायला लागले. तोवर अमेरिकी वाहिन्यांवरचे माजी जनरल हल्ला कुठून आणि कसा होईल, हेच समजावत होते.

तिसरा कोन
असहमत. दुसरी बाजू तर तेव्हाही रोज दिसत होती! इराकचे माहितीमंत्री अल सहाफ, अमेरिकी रणगाडे बगदादेत शिरलेले असताना शहरात एकही अमेरिकी सैनिक नाही असं कॅमेऱ्यासमोर ठोकून देत होते. त्यांना पॅनेलवर बसवून प्रेक्षकाच्या ज्ञानात काय भर पडली असती? उणीव होती ती अल बरादेईंसारख्या तपासनिसांची, म्हणजे दोन्हीकडच्या नसलेल्यांची.

खरी मेख हितसंबंधांत आहे. एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केलं, की वाहिन्यांवर तटस्थ विश्लेषक म्हणून मिरवणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्यांना पेंटागॉन खास बैठकांतून मुद्दे पुरवत होतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे संरक्षण कंपन्यांशी लागेबांधे होते. त्या बातमीला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. तेव्हा नावाखाली नुसता हुद्दा नको. सध्या कोणत्या कंपनीचे सल्लागार, नोकरी कोणत्या शाखेत, निवृत्ती कोणत्या साली, हे हवं. तोफखान्यात हयात गेलेला माणूस पाणबुड्यांवरही तितक्याच छातीठोकपणे बोलतो.

उत्तरध्रुव
नावाची पट्टी दिसते किती सेकंद? हितसंबंध सगळ्यांचेच असतात. दोन विरुद्ध हितसंबंध समोरासमोर बसवा, एकमेकांची लबाडी तेच बाहेर काढतील. कोर्टात हेच चालतं.

नकाशावाचक
कोर्टात उलटतपासणीला दिवसच्या दिवस मिळतात. इथे तासाभरातून जाहिराती वजा जाता ४० मिनिटं धरा, अँकरची १०. सहा पाहुण्यांच्या वाट्याला पाच-पाच मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यांनी. एवढ्यात खोटं बोलून होतं, खोडून होत नाही.

मला पाहुण्यांपेक्षा त्यांच्या मागच्या पडद्याची काळजी जास्त. नकाशा घ्या. पडताळलेला ताबा, नुसता दावा आणि रोज हात बदलणारा पट्टा, तिन्ही एकाच रंगात. कोपऱ्यात तारीख नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनची राजधानी कीव्हच्या उत्तरेला रशियाचा सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा ताफा एका रस्त्यावर अडकून पडला होता, पण नकाशांवर आजूबाजूचा सगळा मुलूख रंगला. पाहणाऱ्याला वाटलं, संपलंच.

मग हानीचे आकडे. युद्धातल्या हानीची नोंद ठेवणाऱ्या ऑरिक्स या संकेतस्थळाची यादी फोटो किंवा व्हिडिओ असेल तेवढीच वाहनं मोजते, म्हणजे तो किमान आकडा. शिवाय जमीन ज्याच्या हाती राहते तो शत्रूच्या जळक्या रणगाड्यांचे फोटो टाकतो, स्वतःचे कशाला टाकेल? त्यामुळे माघार घेणाऱ्याचं नुकसान जास्त मोजलं जातं. हा आकडा आणि प्रतिपक्षाचा फुगवलेला दावा शेजारी ठेवून 'खरं दोहोंच्या मधे कुठेतरी' म्हणणारा अँकर समतोल साधत नसतो, अंदाजपंचे बोलत असतो. आणि ठार व जखमी मिळून दिलेली संख्या पट्टीवर 'ठार' होऊन येते, हे तर नेहमीचंच.

फुलस्टॉप
घाई हेही मूळ कारण आहे. १५ नोव्हेंबर २०२२ ला पोलंडमधल्या, युक्रेनच्या सीमेलगतच्या प्शेवोदुव गावात क्षेपणास्त्र पडून दोघं ठार झाले. एपी या अमेरिकी वृत्तसंस्थेने एका निनावी अमेरिकी अधिकाऱ्याच्या भरवशावर रशियन क्षेपणास्त्रं पोलंडमध्ये शिरल्याचं सांगितलं, आणि नाटोचं कलम ५ (एका सदस्यावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा) लागू होणार का यावर काथ्याकूट सुरू. दुसऱ्या दिवशी पोलंड आणि नाटो दोघांनीही सांगितलं, ते बहुधा युक्रेनच्याच हवाई संरक्षणाचं होतं. एपीने बातमी मागे घेतली. त्या रात्री पॅनेल कितीही समतोल असतं तरी भांडण चुकीच्या प्रश्नावरच झालं असतं.

उत्तरध्रुव
उलट हे माझंच उदाहरण झालं. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने त्याच रात्री हात झटकले होते. त्यांची बाजू मांडणारा कुणी असता तर निदान ते प्रेक्षकाच्या कानावर पडलं असतं.

तिसरा कोन
त्याच मंत्रालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये युक्रेनमधल्या बुचाचं नागरी हत्याकांडही नाकारलं होतं, सगळा बनाव आहे म्हणून. उपग्रहाच्या छायाचित्रांत मात्र मार्चच्या मध्यापासूनच, गाव रशियाच्या ताब्यात असताना, रस्त्यावर मृतदेह दिसत होते. एकाच तोंडचे दोन नकार, एक खरा निघाला, एक खोटा. निवाडा झाला तो क्षेपणास्त्राचे अवशेष आणि छायाचित्रांच्या तारखा तपासून.

उत्तरध्रुव
मग छायाचित्रं वाचणाऱ्याला बसवा की दोन जनरलांपैकी एकाच्या जागी! तेवढ्यासाठी रशियाच्या माणसाची खुर्ची का काढता?