सरवा : मिलेच्या चित्राला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
झाँ-फ्रांस्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं १८५७ सालचं चित्र बहुतेकांनी पाहिलेलं असेल. कापणी झालेलं रान, तीन बायका, दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धी वाकून हातातलं सावरतेय. मुलांसाठी लिहिताना मी नाव दिलं ‘कणसे वेचणाऱ्या’. पण ते काही मनाला पटत नाही.

प्रतिसाद
न पटण्याचं कारण आहे. एक तर ते गव्हाचं रान आहे. कणीस ज्वारी-बाजरीचं, गव्हाची ती ओंबी. पण खरी अडचण ‘वेचणाऱ्या’त आहे. आपल्याकडे कापसाची वेचणी म्हणजे सुगीचं मुख्य काम, त्याची मजुरी मिळते. या तिघींना कुणी कामाला लावलेलं नाही. पीक मालकाच्या घरी गेल्यावर मागे सांडलेलं, राहिलेलं त्या गोळा करतायत. त्याला मराठीत नेमका शब्द आहे : सरवा. कापणीनंतर रानात पडून राहिलेलं धान्य म्हणजे सरवा, आणि ते गोळा करणं म्हणजे सरवा वेचणं.

माझी आजी सरव्याला जायची. वर्षाचं जोंधळं संपत आलेलं असायचं, तेव्हा ओटीत येईल तेवढं आणायची. ‘सरवा’ म्हटलं की मला तिची कंबर दिसते. ‘धान्य वेचणाऱ्या स्त्रिया’ म्हटलं तर तांदळातले खडे काढणाऱ्या बायका डोळ्यांपुढे येतात.

मराठी बायबलातही हाच शब्द आहे. विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते, आणि गरिबांसाठी तो रानात सोडावा अशी तिथे आज्ञाच आहे. मिलेने रूथ-बवाजाची गोष्टही रंगवली होती. म्हणजे इथे शब्द आणि चित्र एकाच मुळावर येतात.

मूळ प्रश्नकर्ती
सरवाच लिहिते. पुढची अडचण अशी : या चित्रांना ‘फ्रान्सच्या मातीचं प्रतीक’ म्हणतात. तिथे ‘शेतकरी’ लिहू का?

प्रतिसाद
फ्रेंचमध्ये शेतकऱ्याला ‘पेझाँ’ म्हणतात. हा शब्द ‘पेई’ म्हणजे देश, मुलूख यावरून आला, त्यामुळे शेतकरी म्हणजेच देश हे समीकरण त्या भाषेत सहज बसतं. आपला ‘कुणबी’ त्याच्या जवळ जातो. पण या तिघी कुणबिणीही नव्हेत, त्यांना जमीनच नाही. ‘भूमिहीन’ लिहा.

आणि हे प्रतीक पहिल्या दिवसापासून नव्हतं, तेही मुलांना सांगा. गरीब रस्त्यावर उतरले आणि राजा गेला, त्या १८४८च्या फ्रेंच क्रांतीला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. पॅरिसच्या प्रदर्शनात खात्यापित्या लोकांना या बायकांची धास्ती वाटली. एका समीक्षकाने त्यांना दारिद्र्याच्या तीन नियतीदेवी म्हटलं. पुढे वारं फिरलं. बटाट्याच्या रानात संध्याकाळच्या प्रार्थनेला थबकलेलं जोडपं दाखवणारं मिलेचंच ‘आंजेल्यूस’ १८८९ साली लिलावात निघालं, तेव्हा ते देशातच राहावं म्हणून फ्रेंच बाजूने ५ लाख ५३ हजार फ्रँकपर्यंत बोली लावली. सरकारकडून पैसा मंजूर झाला नाही, चित्र अमेरिकेला गेलं, आणि पुढच्याच वर्षी शोशार नावाच्या धनिक दुकानदाराने ते परत विकत आणलं. मिले १८७५ सालीच वारला होता.

प्रतीक झाल्यावर चित्रातली भूक मागे पडते, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी ‘श्रमाचा गौरव’ असं लिहिणार नाही. सरवा वेचण्यात गौरव नसतो, गरज असते.

मूळ प्रश्नकर्ती
मागे उजवीकडे, घोड्यावर एक लहानसा माणूस आहे. तो मालक का?

प्रतिसाद
नाही, मुकादम. तो कापणीवाल्यांवर नजर ठेवतोय. मालक चित्रात कुठेच नाही.